सध्या काय ऐकता? : ध्वनिमुद्रणांभोवतीचा रसिकव्यवहार आणि त्यातले न मिटलेले वाद

हिंदुस्थानी संगीताच्या दर्दी श्रोत्यांत ‘सध्या काय ऐकता?’ या प्रश्नाला ‘मारवा’ किंवा ‘केसरबाई’ एवढे उत्तर पुरत नाही. कोणाचा मारवा, तबकडीवरचा की मैफलीतला, साधारण कोणत्या सालचा, तबल्याला कोण होते आणि ही प्रत तुमच्याकडे आली कुठून, अशी चौकशी पुढे सुरू होते. ती वरवर हौशी वाटली तरी तिच्यामागे या संगीताचे एक मूळ वैशिष्ट्य आहे. पाश्चात्त्य अभिजात संगीतात बेथोवनची पाचवी सिंफनी ही लिहून ठेवलेली कृती असते. निरनिराळ्या वाद्यवृंदांनी ती कशी वाजवली याची तुलना करणे हा तिथल्या ध्वनिमुद्रिका-समीक्षेचा पाया आहे आणि लंडनचे ‘ग्रामोफोन’ मासिक १९२३ पासून हेच काम करत आले आहे. ख्यालगायनात अशी कृती हाताशी नसते. बंदिश चार ओळींची, रागाचे नियम जाणकारांना ठाऊक असलेले. बाकी सारे त्या दिवशी, त्या श्रोत्यांपुढे घडते. म्हणून इथे एखादे ध्वनिमुद्रण सुचवणे म्हणजे एक प्रसंग सुचवणे. त्या प्रसंगाला प्रमाण किती मानायचे, त्यावरून शिकायचे की नाही आणि तो कोणाच्या मालकीचा, हे सगळे वाद इथूनच निघतात.

तीन मिनिटांची शिस्त

नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मेणाच्या तबकडीवर उतरवला. त्या दौऱ्यात पाचशेहून अधिक ध्वनिमुद्रणे झाली. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात, तबकड्या तिथे छापल्या जात आणि विक्रीसाठी परत हिंदुस्थानात येत. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारते ते याच कारणाने: हॅनोव्हरच्या कारागिराला लेबलावर कोणाचे नाव घालायचे ते कळावे. पुढच्या काळातल्या अनेक मैफिलींच्या टेपांवर एवढीही सोय नाही, हे संग्राहकांना आजही सलते.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत, बारा इंचीवर चार-साडेचार. तंबोरे जुळवून तासभर एक राग मांडणाऱ्या गायकाला ही मर्यादा म्हणजे जवळजवळ थट्टाच होती. शिवाय ध्वनिग्रहण कर्ण्यातून होई; गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी बसून ठराविक जोराने गावे लागे, साथीची वाद्ये मागे राहत. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले तेव्हा आवाजाचा पोत थोडाफार खरा उमटू लागला. वेळ मात्र तीच राहिली.

या यंत्राकडे सुरुवातीला वळल्या त्या प्रामुख्याने स्त्रिया. पेशेवर गायिका, कलावंतिणी आणि रंगभूमीवरच्या नट्या यांना तबकडीने नाव आणि पैसा दोन्ही दिले. अनेक उस्तादांना मात्र घराण्याची विद्या पानाच्या दुकानात वाजेल, कोणीही तिची नक्कल करील, अशी धास्ती होती. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी अखेरपर्यंत तबकडी दिली नाही. उलट आग्रेवाली जोहराबाई १९१३ साली वारली तरी १९०८ ते १९११ या काळातल्या तिच्या तबकड्या मागे राहिल्या, आणि फैयाजखाँ व बडे गुलामअलीखाँ यांच्यासारख्यांनाही तिच्या गाण्याविषयी आदर होता असे सांगितले जाते. त्या काळच्या गाण्याचे आपले चित्र कोणी गायले यापेक्षा कोणी तबकडी दिली यावर जास्त अवलंबून आहे. हा झुकाव लक्षात न घेता केलेली तेव्हाच्या गायकीविषयीची विधाने पुढे बरीच निस्तरावी लागली.

१९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हॅनोव्हरची खेप बंद झाली. तिशीच्या दशकापर्यंत ओडियनसारख्या परदेशी कंपन्यांबरोबर मुंबईची ‘यंग इंडिया’ ही देशी छापही बाजारात आली होती. अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या ओडियनच्या तबकड्या याच दशकातल्या. ‘जमुना के तीर’ ही भैरवी आणि ‘पिया बिन’ हा झिंझोटी यांनी खाँसाहेबांना अशा घरांत नेले जिथे ख्याल कधी शिरला नव्हता. गदगचा लहानगा भीमसेन जोशी खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी दुकानात ऐकून वेडावला आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेला, ही हकीकत महाराष्ट्र-कर्नाटकात सर्वांना ठाऊक आहे. तो शेवटी पोहोचला तो खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी.

लांब पल्ल्याची साधने

आकाशवाणीने गाण्याला तबकडीबाहेरची ऐसपैस जागा दिली. १९५२ पासून सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात एकाच कलावंताला सलग दीड तास मिळू लागला. गावोगावचे श्रोते त्या रात्री रेडिओभोवती जमत आणि पुढे टेपरेकॉर्डर आल्यावर त्याच कार्यक्रमांची घरगुती ध्वनिमुद्रणे होऊ लागली.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात लाँगप्ले तबकडी इथे रुळली. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटे, म्हणजे एका रागाचा विलंबित व द्रुत ख्याल आटोपशीरपणे मावण्याजोगी जागा. अमीरखाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसरीला दरबारी असलेली एलपी हे तिचे सर्वांत जास्त बोलले गेलेले उदाहरण. अतिविलंबित झूमरा, स्वर-स्वर थांबत केलेली बढत हा त्यांचा ढंग तीन मिनिटांत बसणे शक्यच नव्हते. थोडी उशिरा आली असती ही तबकडी, तर अमीरखाँ हे नाव बैठकीच्या श्रोत्यांपुरतेच राहिले असते की काय, असा प्रश्न पडतो. ध्वनिमुद्रणामागच्या खटाटोपाची मराठीतली मोठी साक्ष म्हणजे ग. ना. जोशी यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’. भावगीतगायक असलेले जोशी एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. मोठ्या कलावंतांना स्टुडिओत आणताना कराव्या लागणाऱ्या मिनतवाऱ्या आणि लाल दिवा लागल्यावरची त्यांची अवस्था या पुस्तकामुळे कळते.

कॅसेटने त्यापुढची गोष्ट घडवली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेले हे साधन भारतात ऐंशीच्या दशकात घरोघर पोहोचले आणि तबकडी विकत घेणारा श्रोता स्वतःच ध्वनिमुद्रक झाला. मैफलीत पहिल्या रांगेजवळ टेपरेकॉर्डर मांडून बसलेले दोघे-तिघे हे दृश्य नेहमीचे झाले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपते, तान मात्र कधीही संपू शकते. त्यामुळे असंख्य खासगी ध्वनिमुद्रणांत ऐन रंगात एक खट्ट आवाज येतो, दोन आवर्तने गायब होतात आणि गाणे पुढे सुरू होते. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थांनी मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या गायकांचे गाणे कॅसेटवर आणून या खासगी साठ्याला बाजाराची वाट दाखवली. स्पूल आणि कॅसेटींचे संच परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या सामानातून अमेरिकेत पोहोचले, आणि तिथल्या घरगुती बैठकांच्या टेपा उलट्या वाटेने इकडे आल्या.

कोणते ऐकावे : मुख्य मते

श्रोत्यांच्या आवडी कितीही असोत, ध्वनिमुद्रणाच्या योग्यतेविषयी मते साधारण तीन दिशांना जातात.

पहिले मत मैफलीच्या बाजूचे. गाणे म्हणजे गायक, साथीदार आणि श्रोते यांच्यात घडणारा व्यवहार. समोरून येणाऱ्या दादेवर गायकाची पुढची जागा ठरते. ध्वनिमुद्रण या व्यवहाराचा एक तुकडा राखते, पण त्यातला श्रोता काढून घेते. शिवाय तीच हरकत विसाव्यांदा ऐकली की ती हरकत राहत नाही, पाठ झालेला सूर होतो. उत्स्फूर्ततेची गंमत पुनरावृत्तीत विरते. या मताचे लोक ध्वनिमुद्रणे ऐकत नाहीत असे नाही. त्यांच्या लेखी ती आठवण जागी करण्याची साधने असतात, आणि जी मैफल प्रत्यक्ष ऐकली तिचीच टेप ते अधिक मायेने लावतात.

दुसरे मत जुन्या तबकडीचे. तीन मिनिटांची अडचण हीच तिची कमाई, असे हा पक्ष मानतो. पाल्हाळाला वावच नसल्याने गायकाला रागाचा गाभा, बंदिशीचा मुखडा, बोलांचे काम आणि दोन-चार निवडक ताना एवढ्यात आपले सर्वस्व मांडावे लागे. फैयाजखाँचा नट बिहाग किंवा चौतिसाव्या वर्षी गेलेल्या द. वि. पलुसकरांच्या छोट्या ध्वनिमुद्रिका यांत काही राहून गेले असे वाटत नाही. या मताला शिकवणुकीच्या क्षेत्रातून अनपेक्षित दुजोरा मिळाला. १९९९ मध्ये निंबस कंपनीने काढलेल्या ‘द राग गाइड’ या प्रकल्पात ७४ राग चार सीडींवर घेतले गेले, आणि प्रत्येक राग मुद्दाम जुन्या तबकडीच्या धर्तीवर काही मिनिटांत बांधला गेला. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर आणि विद्याधर व्यास यांनी ते सादर केले.

तिसऱ्या मताचे लोक खासगी ध्वनिमुद्रणांखेरीज फारसे काही मानत नाहीत. स्टुडिओत कलावंत सावध असतो, घड्याळाकडे त्याचे लक्ष असते, चुकण्याची त्याला मुभा नसते. एखाद्या घरच्या बैठकीत, पहाटेच्या सुमारास, चाळीस जाणकारांपुढे तो जे धाडस करतो ते कंपनीच्या तबकडीवर सापडत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे अनवट आणि जोड राग, कुमार गंधर्वांचे एकाच रागाचे वेगवेगळ्या वर्षांतले रूप, किशोरी आमोणकरांचा रागाकडे पाहण्याचा बदलत गेलेला दृष्टिकोन यांचा मागोवा घ्यायचा तर खासगी टेपांना पर्याय नाही, हे खरेच आहे. ‘सहेला रे’ हा किशोरीताईंचा भूप एलपीवर कोट्यवधी वेळा वाजला असेल. त्यांच्या भूपाचा अभ्यास करणारा मात्र त्याच रागाच्या निदान पाच-सहा मैफिली शोधत असतो. या मताची कच्ची बाजूही उघड आहे. दुर्मिळता आणि गुणवत्ता यांची गल्लत इथे सहज होते. माइक तबल्यापाशी ठेवलेली, आवाज फाटलेली, बेताच्याच रंगलेल्या एखाद्या संध्याकाळची टेप केवळ दुसऱ्या कोणाकडे नाही म्हणून महान ठरते.

या तिन्ही मतांत एक मूलभूत मुद्दा अडकलेला आहे आणि तो अजून सुटलेला नाही. १९१० च्या सुमारास मैफलीत ख्याल कोणत्या लयीत गायला जाई? तबकड्यांवर तो मध्य लयीत, झपाट्याने पुढे जातो. काही अभ्यासक म्हणतात, तेव्हा गाणे तसेच होते आणि अतिविलंबित ही नंतरची चाल. इतर म्हणतात, वेळेच्या दडपणाखाली गायकांनी लय चढवली. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या पिढीची सलग तासभराची मैफल यंत्राने टिपलेली हाती नसल्याने दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहू शकतात. घराण्यांच्या आठवणी आणि शिष्यांचे गाणे हे दुय्यम पुरावे दोन्हीकडे ओढले जातात.

तबकडी गुरू होऊ शकते का?

सुरुवातीच्या उस्तादांना जी भीती होती ती अगदीच निराधार नव्हती. तबकडीने घराण्याच्या भिंतींना खिडक्या पाडल्या. आग्र्याच्या शागिर्दाला किराण्याचा सूर आणि ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याला जयपूरची लयकारी घरबसल्या ऐकू येऊ लागली. पूर्वी गुरूने वर्ज्य केलेले गाणे कानावर पडायचे नाही. आता ते टाळणे शिष्याच्या निश्चयावर आले.

या वादात कुमार गंधर्वांचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. शिवपुत्र कोमकाळीमठ हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवी आणि त्यावरच त्याची बालगायक म्हणून कीर्ती झाली. तबकडीतून गाणे उचलता येते याचा याहून सबळ पुरावा कोणता, असे एक बाजू विचारते. दुसरी म्हणते, खरा कुमार घडला तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकल्यावर, आणि पुढे आयुष्यभर त्यांचे गाणे नक्कल व घराणेशाही यांच्या विरोधात उभे राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तबकडी जागा शिकवते. ती जागा तिथे का आली, हे ती सांगत नाही. विद्यार्थ्याची चूक ती कधी दुरुस्तही करत नाही. आजचे बहुतेक गुरू मध्यममार्ग धरतात: पहिली काही वर्षे ध्वनिमुद्रणांपासून दूर, नंतर नेमून दिलेले श्रवण. हा काळ नेमका किती असावा, यावर मात्र दोन गुरूंचे एकमत होईल असे नाही.

रागांच्या प्रमाण रूपाचा प्रश्नही इथलाच. अल्लादियाखाँचा आवाजच उपलब्ध नसल्याने जयपूर-अत्रौलीच्या एखाद्या अनवट रागाचे ‘मूळ’ रूप कोणते, यासाठी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मन्सूर यांची ध्वनिमुद्रणे शेजारी-शेजारी ठेवली जातात. ती जुळत नाहीत तिथे प्रत्येक परंपरा आपले ध्वनिमुद्रण पुढे करते. पूर्वी हा वाद तोंडी व्हायचा आणि विरून जायचा. आता तो पुराव्यासह होतो, म्हणून अधिक काळ चालतो.

यंत्राचा आवाज खरा किती

बाहेरच्यांना क्षुल्लक आणि आतल्यांना जिव्हाळ्याचा असा एक वाद वेगाचा आहे. ‘७८ आरपीएम’ हे नाव पुढे सर्वमान्य झाले, पण पहिल्या दोन-तीन दशकांत तबकड्या वेगवेगळ्या गतींनी घेतल्या जात. गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने हलतो. म्हणजे मिनिटाला साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी घेतलेले गाणे ७८ वर लावले तर काळी एकचा आवाज पांढरी दोन होतो. सोबत लय वाढते, तानांची दाणेदारी बदलते, आवाजाचा पोत पातळ होतो. अब्दुल करीमखाँसाहेबांचा चढा आवाज तबकडीवर आहे तितकाच चढा होता का, ही शंका यातूनच आली. एक पक्ष हार्मोनियमच्या पट्टीवरून गती दुरुस्त करून प्रती तयार करतो. दुसरा म्हणतो, गायक कोणत्या पट्टीत गात होता हे ठाऊक नसताना केलेली दुरुस्ती हा नुसता अंदाज आहे. तबकडीवर आहे तेच ठेवा आणि शंका तळटीपेत लिहा. मैफिलींच्या टेपांनाही हा दोष आहेच. मंद पडलेल्या बॅटरीवर घेतलेले गाणे नव्या यंत्रावर लावले की गायक भलताच उत्साही वाटू लागतो.

खरखर काढण्याबद्दल असाच मतभेद आहे. संगणकाने पृष्ठभागाचा आवाज पुसताना तंबोऱ्याचे बारीक स्वरही पुसले जातात, कारण दोन्ही एकाच उंचीवर वावरतात. स्वच्छ झालेले गाणे मग पोकळीत गायल्यासारखे वाटते. जुन्या श्रोत्यांना खरखरीची इतकी सवय असते की तिच्याशिवाय त्यांना चुकल्यासारखे होते, हा भाग वेगळा. संग्रहालयांत आता बहुधा न पुसलेली मूळ प्रत जपून श्रोत्यांसाठी वेगळी प्रत करण्याकडे कल आहे, आणि तो शहाणपणाचा आहे.

जपणारे आणि वाटणारे

संग्राहकांचे जग पूर्वी बंदिस्त होते. टेप द्यायची ती टेप घेऊनच, आणि ‘पुढे कोणाला देऊ नका’ या अटीवर. अट अर्थातच पाळली जात नसे. तरीही तिच्यामुळे व्यवहाराला एक धाक होता. या गोपनीयतेची दोन समर्थने होती. कलावंताने विश्वासाने माइक ठेवू दिला, तो विश्वास मोडायचा नाही, हे पहिले. आणि संग्रह जमवायला घातलेली वर्षे व पैसा, हे दुसरे, जे सहसा बोलून दाखवले जात नसे.

या बंदिस्तपणाला संस्थात्मक उत्तर देणाऱ्यांत १९९० साली मुंबईत स्थापन झालेली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था महत्त्वाची. नारायण मुलाणी आणि सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने निघालेल्या या संस्थेने श्रवणसत्रे भरवली आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून तबकड्यांच्या याद्या व लेख प्रसिद्ध केले. ‘यंग इंडिया’ तबकड्यांच्या अंकीकरणाला ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून मदत मिळाली. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन संशोधकाने ग्रामोफोन कंपनीच्या सुरुवातीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची पद्धतशीर सूची केली. कोलकात्यातील जादवपूर विद्यापीठ आणि आयटीसी संगीत रिसर्च अकादमी, मुंबईचे एनसीपीए, गुरगावचे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संग्रहालय यांनी आपापले साठे उभारले. विक्रम संपत यांच्या पुढाकाराने जुन्या तबकड्यांचे एक मोठे भांडार सर्वांसाठी खुले झाले.

आता मोबाइलवर मैफल एका क्षणात शेकडो जणांपर्यंत जाते आणि जुनी अट हास्यास्पद ठरली आहे. वाटणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे: कपाटात बुरशी लागणारी टेप कोणाचीच नसते, संग्राहक गेला की वारस ती रद्दीत घालतात, तेव्हा जितक्या प्रती तितके बरे. जपणाऱ्यांचे म्हणणेही टाकाऊ नाही. आवाज बसलेल्या दिवशीचे, घरगुती वातावरणात प्रयोग म्हणून गायलेले, कलावंताने स्वतः कधीच प्रसिद्ध होऊ दिले नसते असे गाणे त्याच्या पश्चात सर्रास फिरवणे योग्य का? केसरबाई ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत अतिशय काटेकोर होत्या. त्यांच्या नकाराला मरणोत्तर काही अर्थ उरतो की नाही?

कायद्याने याचे अर्धेच उत्तर दिले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, त्यामुळे ७८ च्या बहुतेक तबकड्या केव्हाच मुक्त झाल्या. सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला. त्याची मुदत आधी २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० झाली, आणि २०१२ मध्ये कलावंताच्या नैतिक हक्कालाही मान्यता मिळाली. स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला कायदा मोकळीक देतो. अडचण येते ती कधीही प्रकाशित न झालेल्या मैफलीची. मुदत प्रकाशनापासून मोजायची आणि प्रकाशनच झालेले नाही, तर घड्याळ सुरू कधी होते? बंदिशीचे काय, जी बहुधा कोण्या जुन्या वाग्गेयकाराची किंवा अनामिकाची असते? यजमानाचे, टेप करणाऱ्याचे, तबलजीचे काय? व्यवहारात हे प्रश्न न्यायालयापर्यंत क्वचित जातात. ते सुटतात ते कलावंताच्या कुटुंबाशी झालेल्या एखाद्या फोनवर, किंवा सुटतच नाहीत.

काय राहून जाते

नव्या साधनांनी ऐकणे सोपे केले, ओळखणे अवघड केले. तबकडीच्या लेबलावर राग, प्रकार आणि गायक छापलेला असे, एलपीच्या वेष्टनावर टिपणही. मोबाइलवर आलेल्या फाइलला बहुधा फक्त गायकाचे नाव असते, तेही खात्रीचे नसते. राग चुकीचा लिहिला जातो, बाप-लेकांची गल्लत होते, साथीदार तर वगळलेच जातात. हार्मोनियमवर कोण होते हे एखाद्या म्हाताऱ्या श्रोत्याच्या आठवणीखेरीज कुठेच नोंदलेले नसते आणि तो श्रोता गेला की तेही संपते. ध्वनिमुद्रिकांची साक्षेपी समीक्षा नेमाने करण्याची परंपरा मराठीत रुजली असती, तर यातले बरेच टळले असते. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ने घराण्यांकडे पाहण्याची शिस्तशीर नजर दिली, अशोक दा. रानडे यांनी ध्वनी, आवाज आणि श्रवण यांचा विचार शास्त्रीय पातळीवर नेला. एकेका ध्वनिमुद्रणावर तितक्याच बारकाईने लिहिणारे मात्र थोडे निघाले.

दुसरी तक्रार आजच्या गायकांची आहे. रसिक एकमेकांना जे सुचवतात त्यात हयात नसलेल्या कलावंतांचा भरणा असतो. प्रत्येक तरुण गायकाची तुलना अमीरखाँच्या सर्वोत्तम संध्याकाळीशी होते; खाँसाहेबांच्या बेताच्या संध्याकाळी कोणी जपलेल्या नसतात. याला श्रोत्यांचे उत्तर असे की जुने ऐकल्याशिवाय नव्याची पारख होत नाही, आणि पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून गर्दीने भरतोच आहे. दोन्ही म्हणणी एकमेकांना छेदत नाहीत, पण तक्रार त्याने मिटतही नाही.

शिफारशीचा एक प्रसंग या संदर्भात नोंदवण्यासारखा आहे. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात पाठवायच्या तबकडीसाठी रॉबर्ट ब्राउन या संगीतसंशोधकाने केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली. ती तबकडी तेव्हा बाजारात मिळत नव्हती. पुष्कळ शोधाशोधीनंतर न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. साडेतीन मिनिटांची ही भैरवी घेऊन दोन्ही याने त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात निघाली, आणि दुसऱ्या उड्डाणानंतर दहा-बारा दिवसांतच, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. एका माणसाच्या आवडीने, एका दुकानातल्या शिल्लक प्रतीने हिंदुस्थानी संगीताचा प्रतिनिधी ठरला. पृथ्वीवरच्या संग्रहांतही निवड याहून फार वेगळ्या रीतीने झालेली नाही.

ज्यांनी तबकडीच दिली नाही त्यांना या निवडीत जागाच नाही. पुण्यात १९११ साली भारत गायन समाज स्थापन करणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, तेव्हा ग्रामोफोन हिंदुस्थानात येऊन वीस वर्षे झाली होती. त्यांचे एकही ध्वनिमुद्रण नाही. बुवांचे गाणे कसे असावे याचा अंदाज आज घ्यायचा तर मास्टर कृष्णराव आणि बालगंधर्व या त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या लावाव्या लागतात.